चौथी सीट, १८ हजारांची खुर्ची आणि तरी दुखतंच

पत्र: ताई, मी डोंबिवलीची, वय ३४, फोर्टला अकाउंट्समध्ये आहे. सकाळी फास्ट लोकलला बहुतेक वेळा चौथी सीटच मिळते, तासभर अर्ध्या बुडावर लटकत जाते, मग आठ-नऊ तास ऑफिसची खुर्ची, संध्याकाळी परत तेच. सहा महिने झाले, उजव्या कुल्ल्याखाली हाड टोचल्यासारखं दुखतं. खुर्चीतून उठलं की पहिली चार पावलं म्हातारीसारखी वाकून टाकते. संध्याकाळी पाय सुजून सँडलचा पट्टा रुततो आणि पायावर पाय टाकून बसलं की मुंग्या येतात. एक्स-रे नॉर्मल आलाय. नवऱ्याने ऑनलाइन १८ हजारांची खुर्ची मागवली, फरक शून्य. सासूबाई म्हणतात जमिनीवर मांडी घालून बस, आमच्या वेळी कुणाची कंबर धरायची नाही (स्वतः गुडघ्यांमुळे सोफ्यावर बसून सांगतात). जिमवाला म्हणतो बसणं म्हणजे नवीन स्मोकिंग. माझा कणा खराब होतोय का? मधे भोक असलेली ती गोल उशी घेऊ का? नक्की बसायचं तरी कसं? – एक डोंबिवलीकर

अगं, ताई म्हणालीस ना, मग अगं-तुगंच करते. आधी उत्तर सांगून टाकते कारण तू हे बहुतेक लोकलमध्येच वाचत असशील आणि मधेच उतरायची वेळ येईल. तू लिहिलंयस त्यावरून तरी कणा खराब होतोय असं मला अजिबात वाटत नाही. गोल उशी घेऊ नकोस. आणि नक्की कसं बसायचं याचं उत्तर तुला हवंय तसं एका वाक्यात नाही देता येणार, ते का ते सांगते.

कसंय, तुझ्या चार तक्रारी आहेत आणि तू त्या एकाच रोगाच्या खात्यात टाकल्यास. अकाउंट्सवालीने असं करावं? मला विचारशील तर ही चार वेगळी खाती आहेत. हाडाखालची चरबी वेगळी, हाडाला हाड बांधून ठेवणारं लिगामेंट वेगळं, नर्व्ह वेगळी, पायातल्या शिरा वेगळ्या, आणि प्रत्येकीचं घड्याळ वेगळं चालतं, कुणाला पाच-दहा मिनिटांत त्रास होतो, कुणाला अर्ध्या तासाने, कुणाचा हिशोब अख्ख्या दिवसरात्रीचा असतो. खुर्ची विकणारे आपल्याला अँगल विकतात, कोपर ९० अंश, गुडघा ९० अंश, पण टिश्यूला अँगलपेक्षा वेळ जास्त कळतो गं. म्हणून १८ हजार वाया गेले असं वाटतंय तुला. खुर्चीवर मी शेवटी येते.

आधी ते टोचणारं हाड. घरातली कडक खुर्ची घे, प्लास्टिकची चालेल, दोन्ही तळहात उताणे बुडाखाली ठेव आणि त्यांच्यावर बस. (घरात कुणी नसताना कर, नाहीतर सासूबाई विचारतील काय चाललंय.) हाताला दोन गोटे लागतील, ती तुझी बसायची हाडं. आता ताठ हो, मग हळूहळू पोक काढ, परत ताठ हो. गोटे हातावर डोलखुर्चीच्या पट्टीसारखे पुढे-मागे गडगडताना कळतील. पोक काढलंस की ते पुढे घसरतात आणि वजन मागे माकडहाडाकडे जायला लागतं. पाठीत काही करायच्या आधी सगळा खेळ इथून, ओटीपोटाच्या हाडापासून सुरू होतो, ते मागे झुकलं की कंबरेचा आतला बाक गेलाच समज.

आपल्याला वाटतं कुल्ल्याचा एवढा मोठा मसल आहे म्हणजे देवाने उशीच दिलीय. पण माणसाला बसवून एमआरआय काढले तर बऱ्याच जणांत दिसलं की बसल्यावर तो मसल हाडाखालून बाजूला सरकतो, आणि हाड आणि सीट यांच्यामध्ये उरते ती मुख्यतः चरबी आणि कातडी. आता हिशोब बघ, तुझ्याच लाइनीतला आहे. बीपी १२०/८० म्हणतो ते पाऱ्याचे मिलिमीटर. केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांमधलं प्रेशर त्यामानाने फारच कमी, लँडिस म्हणून एकाने १९३० मध्ये नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिनीत बारीक काचेची नळी घालून मोजलं तर रक्त आत शिरतं त्या टोकाला साधारण ३२ भरलं. आणि कडक बाकावर बसलं की या गोट्यांखालचं प्रेशर सहज शंभरच्या पुढे जातं. हिशोब इतका सरळ नसतो हे खरं, शरीर आपल्या परीने रक्ताचा जोर वाढवून थोडं भरून काढतं, पण जेमतेम नाण्याएवढ्या जागेवर हा भार, तिथलं रक्त पिळून निघणारच.

मग आपल्या सगळ्यांच्या बुडाला जखमा का होत नाहीत? कारण आपण चुळबुळ करतो. शाळेत बाई ज्यासाठी ओरडायच्या तेच. आपल्याला कळायच्या आधी नर्व्ह कुरकुरतात आणि आपण इकडचे तिकडे होतो. ज्यांना मणक्याच्या दुखापतीने कमरेखाली काही कळत नाही त्यांना ही कुरकुर पोचतच नाही, म्हणून त्यांना प्रेशरच्या जखमा होतात, आणि या विषयात आम्ही जे काही शिकलो ते मुख्यतः त्यांच्याकडून. मी शिकत होते तेव्हा सांगायचे की व्हीलचेअरवरच्या माणसाने हातावर जोर देऊन १५-३० सेकंद बूड उचलायचं, झालं. नंतर २००३ मध्ये ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष त्या जागेचा ऑक्सिजन मोजला तर तो परत पूर्ववत व्हायला सरासरी १ मिनिट ५१ सेकंद लागत होते! म्हणजे एवढी वर्षं आम्ही लोकांना हात दुखेपर्यंत उचलायला लावत होतो आणि टिश्यू म्हणत होता अजून थांबा. त्यापेक्षा पुढे वाकून बसणं सोपं, दोन मिनिटं आरामात जमतं.

तुला तेच करायचंय. दर अर्ध्या तासाने खुर्ची टेबलाजवळ ओढ, कोपरं टेबलावर टेकव, वजन पुढे दे आणि दोन मिनिटं तशीच राहा, बघणाऱ्याला वाटेल व्हाउचर तपासतेय. किंवा सरळ उठ.

आता चौथी सीट. ज्यांनी मुंबईची लोकल बघितली नाही त्यांना हे समजावणं अवघड आहे, तीन जणींच्या बाकावर चौथी "जरा सरका ना" म्हणत कडेला टेकते, एक कुल्ला सीटवर, दुसरा हवेत, एक पाय वाटेत, मांडीवर पर्स, पर्सवर डबा. बायोमेकॅनिक्सच्या दृष्टीने ही खुर्ची नाहीच, हा एका पायाचा स्टूल आहे. दोन हाडांवर वाटलं जाणारं वजन एकावर, ओटीपोट एका बाजूला कललेलं, त्यामुळे कणा बाजूला वाकलेला, आणि गाडी हलली की पडू नये म्हणून कंबरेचे मसल सतत चालू. तू लिहिलं नाहीस पण मी पैज लावते की तू रोज त्याच डब्यात, त्याच दरवाजाने शिरून त्याच बाजूच्या बाकावर टेकतेस, जिथे उजवा कुल्ला आत आणि डावा बाहेर असतो. बरोबर? हाडाजवळ एक छोटी पाण्याची पिशवी असते, बर्सा म्हणतात, रोज एकाच जागी रगडली की ती चिडते. विलायतेत या दुखण्याला पूर्वी विणकराचं बूड असंच नाव होतं, बाकावर बसून माग चालवणाऱ्यांचं. तुझं डोंबिवलीकराचं बूड. ही चिडलेली पिशवीच आहे का हे हाताने दाबून बघितल्याशिवाय मी नक्की सांगणार नाही, पण दुखायची जागा आणि चौथ्या सीटची सवय जुळतेय.

म्हणून उपाय एकदम गावठी आहे: उद्यापासून वाटेच्या दुसऱ्या बाजूच्या बाकावर टेक, म्हणजे डावा कुल्ला आत. सकाळी एक बाजू, संध्याकाळी दुसरी. स्टोल चौपदरी करून खाली घे. आणि लेडीज डब्यातल्या ग्रुपमध्ये ती पद्धत असते ना, अर्ध्या वाटेत बसलेली उठते आणि उभी असलेली बसते, ती मला कुठल्याही खुर्चीपेक्षा शहाणपणाची वाटते. ठाण्यापर्यंत बस आणि मग उठून दे कुणाला तरी. पुण्यही लागेल.

गोल उशी का नको तर भोकाच्या आतला भाग मोकळा राहतो पण सगळा भार कड्यावर येतो, कड्यामुळे आतलं रक्त उलट अडतं आणि मधला टिश्यू खाली लोंबतो. प्रेशरच्या जखमांसाठी तर ती वापरू नका असंच सांगतात आता. माकडहाड दुखत असेल तर मागे खाच असलेली उशी वेगळी, तुझं ते नाहीये. साधा दोन-अडीच इंची चांगला फोम बास. घेताना त्यावर बस आणि खालून हात घालून बघ, गोटा हाताला लागला तर तो फोम नाही, फसवणूक आहे.

आता उठताना म्हातारी होतेस त्याबद्दल. हा माझा आवडता भाग आहे त्यामुळे थोडी रमणार.

गॅलरीतली नायलॉनची दोरी आठव. जूनमध्ये नवीन ताणून बांधलेली असते, मग त्यावर ओल्या चादरी पडतात. चादर टाकल्या टाकल्या दोरी जराशी वाकते, ते झालं लगेचचं वाकणं. पण तासाभराने बघ, तेवढ्याच चादरी आहेत, वजन उलट पाणी ठिबकून कमी झालंय, तरी दोरी आणखी खाली आलेली असते. चादरी काढल्या की ती वर जाते, पण पूर्ण नाही, हळूहळू जाते, आणि दोन पावसाळ्यांनी कायमची सैल होते. भार तोच असताना वेळेबरोबर ताणत जाणं, याला क्रीप म्हणतात. शरीरातलं लिगामेंट, दोन मणक्यांमधली गादी म्हणजे डिस्क, कातडी सगळं याच जातीचं आहे, थोडं रबर थोडं चिखल. फरक इतकाच की तुझी दोरी जिवंत आहे, तिला वेळ दिला तर ती स्वतःला परत ताणून घेते.

पोक काढून बसल्यावर नेमकं काय होतं? पूर्ण वाकल्यावर पाठीचे मसल जवळजवळ बंद होतात, हे फ्लॉइड आणि सिल्व्हर यांनी १९५० च्या दशकातच मसलचे करंट मोजून दाखवलं. आपल्याला तो आराम वाटतो, आणि मसलला असतोही आराम, पण भार कुणीतरी घ्यायचाच असतो, तो जातो मागच्या लिगामेंटवर. म्हणजे चादर दोरीवर पडली. कॅनडात मॅकगिल आणि ब्राउन यांनी १९९२ मध्ये लोकांना २० मिनिटं पूर्ण वाकून बसवलं, तर त्या २० मिनिटांत कंबर आणखी साधारण साडेपाच अंश जास्त वाकायला लागली. उठल्यावर दोन मिनिटांत जवळपास निम्मं भरून निघालं, पण उरलेलं अर्ध्या तासानेही पूर्ण गेलं नव्हतं. आता सांग, तू २० मिनिटं बसतेस का? तू क्लोजिंगच्या दिवशी तीन तास बसतेस.

म्हणून उठल्या उठल्या कंबर ढिली आणि अवघडलेली दोन्ही वाटते. ढिली लिगामेंटमुळे. अवघडलेली मसलमुळे, कारण न हलवलेला मसल बाटलीतल्या टोमॅटो सॉससारखा थिजतो, आधी निघत नाही, हलवला की एकदम वाहतो. तुझी पहिली चार पावलं म्हणजे बाटली हलवणं आहे, पाचव्या पावलाला सॉस वाहतो. एक्स-रेमध्ये सॉस दिसत नाही, म्हणून तो नॉर्मल.

यात घाबरण्यासारखं एकच, ते ढिलेपणाचे पहिले काही मिनिटं. तेव्हा जड उचलू नकोस. मी क्लिनिकमध्ये किती बायका बघते ज्यांची कंबर ऑफिसात नाही धरली, ट्रेनमधून उतरून स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्याकडे खाली वाकून कांद्याची पाच किलोची पिशवी उचलली तिथे धरली. दोष कांद्यांना देतात. तासभर चौथ्या सीटवर दोरी ताणून आलीस आणि लगेच वाकून उचललंस, म्हणून. आधी पूल चढून उतर, दोन मिनिटं चाल, मग भाजी घे. ऑफिसातही बॉक्स फाइलींचा गठ्ठा उचलायच्या आधी उभी राहा, दोन्ही हात पंख्याला लावतेस असे वर ने, दोन श्वास घे, मग उचल.

डिस्क. यावर तुला सगळ्यात जास्त भीती घातली असणार. "बसल्यावर कण्यावर ४० टक्के जास्त लोड" हे वाक्य तू कुठल्यातरी रीलमध्ये ऐकलंच असशील, पोस्टरवर तर असतंच. ते स्वीडनच्या नाखेमसन यांच्या मोजमापातून आलंय, १९६०-७० च्या दशकात त्यांनी जिवंत माणसाच्या डिस्कमध्ये सुई घालून प्रेशर मोजलं होतं, धाडसाचं काम. पण १९९९ मध्ये जर्मनीत विल्के आणि मंडळींनी एका ४५ वर्षांच्या माणसाच्या कंबरेच्या डिस्कमध्ये सेन्सर ठेवून त्याला दिवसभर जगू दिलं, आणि आकडे असे आले: उभं असताना ०.५ मेगापास्कल, टेक न घेता सैल बसल्यावर ०.४६, खुर्चीत मागे रेलून पसरल्यावर ०.३ च्या आसपास, बसून पूर्ण पुढे वाकल्यावर ०.८३, आणि पाठ वाकवून २० किलो उचलताना २.३. एकच माणूस होता हे लक्षात ठेव, पण त्यात बसणं राक्षस निघालं नाही. राक्षस निघाला तो वाकून उचलण्यातला. मी तर आता पेशंटना सांगते की फोनवर बोलत असशील तर रेलून पसर खुशाल, बॉस काय म्हणेल ते तुझं तू बघ.

डिस्कला रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच, शेजारच्या मणक्यातून पाझरून जे येईल त्यावर ती जगते. दिवसभर वजनाने तिच्यातलं पाणी बाहेर जातं, रात्री आडवं झालं की परत भरतं. सकाळी उठल्या उठल्या दाराच्या चौकटीला टेकून डोक्यावर पट्टी धरून पेन्सिलची रेघ मार, झोपायच्या आधी परत मार. उंचीच्या साधारण १ टक्का फरक पडतो, आणि त्यातला बराचसा उठल्यावर पहिल्या एक-दोन तासातच जातो. माझ्या चौकटीवर दीड सेंटिमीटर आला होता. (मुलाच्या उंचीच्या रेघांमध्ये आईच्या रेघा, त्याने खूप चिडवलं.)

याचा उलटा अर्थ असा की पहाटे डिस्क फुगलेली, टम्म, त्या वेळी वाकणं तिला जड जातं. तू पहाटे उठून पाणी भरत असशील, बादल्या, पिंपं, ओट्याखालचे डबे, सगळं वाकून. अमेरिकेत स्नूक यांनी १९९८ मध्ये जुनी पाठदुखी असलेल्यांना उठल्यावरचे पहिले दोन तास कंबरेतून वाकणं टाळायला सांगितलं, तेवढ्याने दुखणं कमी झालं. दोन तास न वाकता मुंबईत कुणाचं चालणारे, पण बादली भरायचं काम नवऱ्याकडे दे. १८ हजार खर्च केलेत त्याने, एवढं करेल.

पाय सुजणं हे सगळ्यात सोपं. हृदयापासून तळपायापर्यंत रक्ताचा उभा पाइप आहे, खाली प्रेशर असणारच, आणि ते वर ढकलायला पोटरीचा मसल पंपासारखा चालतो. चालताना पंप चालू, बसल्यावर बंद. पाणी हळूहळू शिरांमधून बाहेर टिश्यूत पाझरतं, संध्याकाळपर्यंत सँडल घट्ट. घरी जाऊन नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धर, खड्डा राहिला तर ते तेच पाणी. त्यात तुझी उंची कमी असेल आणि पाय जमिनीला नीट टेकत नसतील तर खुर्चीची कड मांडीला खालून दाबते, मग परतीचा रस्ता आणखी अरुंद. लंडनवर १९४० मध्ये बॉम्ब पडत होते तेव्हा लोक रात्र-रात्र शेल्टरमध्ये डेक चेअरवर बसून काढायचे, आणि त्यातले काही सकाळी उठून चालताना अचानक मेले. सिम्पसन नावाच्या पॅथॉलॉजिस्टने शोधलं, पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुफ्फुसात गेलेली. खुर्चीचा पुढचा दांडा मांडीला खालून दाबत होता, असा त्याचा संशय होता. तुला घाबरवत नाहीये, तू लंचला उठतेस, पाणी प्यायला उठतेस, ते लोक अख्खी रात्र हलले नव्हते.

उपाय तुझ्या ऑफिसातच आहे. स्टोअरमधून ए-फोर कागदाच्या न उघडलेल्या दोन रिम माग, पायाखाली ठेव. एक रिम साधारण पाच सेंटिमीटर, एकीने भागतं का दोन लागतात ते मांडीखाली बोटं घालून बघ, सीटची कड आणि मांडी यांच्यात बोटं सहज गेली पाहिजेत, आणि गुडघ्याच्या मागे सीटपासून दोन-तीन बोटं जागा सुटली पाहिजे. टेबलाखाली टाचा वर-खाली करत राहा, जुन्या शिलाई मशीनच्या पायडलसारखं.

आणि मुंग्या: रक्त थांबलं म्हणून येतात असं सगळे समजतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जरा खाली हाडाचा छोटा गोळा लागतो बघ, त्याच्यामागून एक नर्व्ह अगदी कातडीखालून जाते. पायावर पाय टाकलास की ती खालच्या गुडघ्यावर चेपते, नर्व्हला स्वतःला मिळणारं रक्त तुटतं, ती गप्प होते, आणि पाय सोडलास की परत चालू होताना वेडेवाकडे सिग्नल सोडते, त्या मुंग्या. दोन-चार मिनिटांत गेल्या तर विसर. पायावर पाय टाकणं सोड असं मी म्हणत नाही, दहा मिनिटांनी पाय बदल.

पण हे नीट वाच, इथे मी गंमत करत नाहीये. दोन पायांच्या मधला भाग बधिर वाटला, लघवी-संडासचा ताबा गेल्यासारखं वाटलं, चवडा वर उचलता येईनासा झाला, किंवा एकच पोटरी सुजून गरम, लाल, दुखरी झाली, छातीत दुखून दम लागला, तर ताईला पत्र लिहायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. आणि ते उजवं हाड महिनाभर बाजू बदलूनही तसंच राहिलं किंवा रात्री झोपेतून उठवायला लागलं तर हाताने तपासणाऱ्या कुणाकडे तरी जा.

जिमवाल्याला सांग, स्मोकिंगशी बरोबरी करू नको बाबा, सिगारेट फार वरच्या दर्जाची खुनी आहे. बसण्याच्या विरोधातला पहिला मोठा पुरावा म्हणतात तो लंडनच्या बसचा, जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवलं की डबल डेकरच्या जिन्यावर दिवसभर वर-खाली करणाऱ्या कंडक्टरांना हार्टचा त्रास बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा कमी. आपल्या बेस्टच्या डबल डेकरच्या कंडक्टरांची आठवण येते ना. पण त्याच मॉरिसनी १९५६ मध्ये युनिफॉर्मची मापं तपासली तर ड्रायव्हरांच्या पँटची कंबर नोकरीला लागतानाच मोठी होती! म्हणजे सगळं बसण्यामुळे नव्हतं. आणि २०१६ मध्ये १० लाखांहून जास्त लोकांचा डेटा एकत्र करून बघितला तर रोज तासभर-सव्वा तास झपाझप चालण्याइतका व्यायाम करणाऱ्यांमध्ये आठ तास बसण्याचा जादा धोका जवळजवळ दिसेनासा झाला. घर ते स्टेशन, जिने, सीएसएमटी ते फोर्ट, तुझी अर्धी फी रेल्वेने भरलेलीच आहे.

सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत. जमिनीवर मांडी घालून बसलं की कडक फरशीमुळे माणूस आपोआप चुळबुळतो, आणि उठताना पायांचा व्यायाम होतो, हे दोन फायदे खरे. पण नुसत्या फरशीवर बसलं तर ओटीपोट मागे झुकतं आणि पोक येतंच, म्हणजे परत चादर दोरीवर. त्यांच्या वेळी पाट होता! पाटाने बूड दोन इंच वर येतं, गुडघे खाली जातात आणि कंबरेला तिचा बाक परत मिळतो. तेव्हा माळ्यावरचा पाट काढायला सांग, रात्रीचं जेवण त्यावर बसून कर. गुडघे दुखले तर एक पाय पसर, काही बिघडत नाही.

राहिली खुर्ची. ती परत करू नकोस आणि नवऱ्याला टोमणेही मारू नकोस, खुर्ची वाईट नाही, ती फक्त तुझ्या ऑफिसात नाहीये जिथे तू नऊ तास असतेस, घरी तू बसतेस कितीशी? ती सोफ्याशेजारी ठेव, आर्मरेस्ट जरा वर घे, सीट उंच कर. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खोल सोफ्यातून उठणं म्हणजे शिक्षा असते, उंच सीट आणि हात टेकायला जागा मिळाली की गुडघ्यावरचा भार बराच कमी होतो. सासूबाईंना काही बोलू नकोस, नुसती ठेव. आठवडाभरात ती त्यांची झालेली असेल, आणि तिच्यात बसूनच त्या तुला सांगतील, जमिनीवर बस गं.